खेळण्यांच्या दुकानातलं माहेर

सुभेदार नाथाजी फौजेतून पेन्शन घेऊन कडेगावात परतले, तेव्हा भावकीला वाटलं की आता हा माणूस उसाला पाणी पाजत बसेल, नाहीतर एखाद्या बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा राहील. सुभेदारांनी स्टँडजवळ गाळा घेतला आणि त्यात बाहुल्या मांडल्या. अख्खं गाव हसलं. मिशा एवढ्या झुपकेदार आणि विकतो काय, तर शिट्ट्या आणि खुळखुळे! जो हसायचा त्याच्या पोराला सुभेदार रोज एक शिट्टी फुकट द्यायचे. घरात सकाळ-संध्याकाळ शिट्टी वाजायला लागल्यावर लोकांचं हसणं आपोआप थांबलं.

ते गेल्यावर दुकान मुलीकडं आलं. प्रियदर्शनी बी.एस्सी. झालेली, चाळिशीला टेकलेली. स्थळं आली तशी गेली, पुढं यायचीही थांबली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, कारण सकाळी शटर वर गेलं की तिला दुसरं काही वाटायला सवडच नसायची. खेळण्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक एक आणि पैसे देणारा दुसरा. गिऱ्हाईक काचेला नाक लावून बसतं, फरशीवर लोळण घेतं. पैसे देणारा घड्याळ बघतो आणि म्हणतो, "पुढच्या बाजाराला घेऊ." आता त्यात मोबाइलची भर पडलेली. लोक खेळणं हातात घेऊन उलटंपालटं बघतात, त्याचा फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. ते बंद पडलं की दुरुस्तीला मात्र हिच्याकडंच. प्रियदर्शनी तोंडानं फटकळ, पण हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायची नाही. बंद पडलेली गाडी पुन्हा फिरायला लागली की पोराचा चेहरा असा काही उघडतो की तो बघण्यासाठी ती दिवसभराची कटकट सोसायची.

सुभेदारांनी तिला एक गोष्ट लहानपणीच शिकवली होती, तिला आणि तिच्या थोरल्या भावालाही. खेळणं साच्यातून निघतं, त्यामुळं त्याच्या दोन्ही कुशींना जोड असतोच. त्या जोडावरून अंगठा फिरवायचा. जोड बोचला तर माल हलका, नुसता जाणवला तर चांगला. "जोड नसलेलं खेळणं जगात नसतं," ते म्हणायचे. माल आला की प्रियदर्शनी अजूनही खोक्यातल्या प्रत्येक नगावरून अंगठा फिरवते.

थोरला भाऊ उदयसिंह. त्याचा ऊस आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचा धंदा. माणूस वाईट नाही, पण गाळा त्याच्या डोळ्यात सलायचा. स्टँडजवळची जागा, मोबाइलवाले वाटेल ते भाडं द्यायला तयार, आणि ही तिथं खुळखुळे विकत बसलेली. गाळा दोघांच्या नावावर, म्हणून तिची सही लागत होती. ती दर वेळी म्हणायची, "बघू." हे दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठं, हे तिला कळत नव्हतं. वहिनीच्या स्वयंपाकघरात तिला जायचं नव्हतं.

वैशाखात एका दुपारी तो असाच विषय काढून बसलेला असताना दारात पिकअप थांबली. आतून मेंढपाळांच्या वाडीतली माणसं उतरली. कडेगावच्या पूर्वेला खिंड ओलांडली की ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. तिथल्या उंबरओढ्याची ही मंडळी. पुढं तानुबाई, ठसठशीत कुंकू लावलेली, कमरेत ताठ. मागं तिचा दीर भाऊसो, पागोटं सावरत, आणि चार-सहा बायका नव्या लुगड्यांत.

"बाय, आमास्नी नवरी पायजे," तानुबाई म्हणाली.

प्रियदर्शनीनं भावाकडं पाहिलं. उदयसिंह मिशीतल्या मिशीत हसत होता.

भाऊसोनं खाकरून उलगडा केला. "आमच्या वाडीत अवंदा येक बी मांडव पडला न्हाई. पोरं हायत, मेंढरं हायत, बोअरला पानी हाय. पर माळावर पोरगी कोन देत न्हाई."

"मांडव न पडता वरीस जाऊ द्यायचं नसतंय," तानुबाई म्हणाली. "वाडीचा उंबरा वाळतो. मग बाहुलीचं लगीन लावत्यात. नवरा आमी बाभळीचा घडवलाय. नवरी मातर भायरची लागतीया. कुनीतरी दिल्याली."

प्रियदर्शनीला गंमत वाटली. तिनं एकेक बाहुली काउंटरवर मांडली. बोलणारी, चालणारी, गाणारी. तानुबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती वरच्या फळीकडं बघत होती. तिथं सुभेदारांच्या वेळची एक बाहुली होती. सोनेरी नायलॉनचे केस, आडवं केलं की डोळे मिटणारी. खोक्याचा रंग उन्हानं उडालेला. ती कधी कुणी मागितली नव्हती आणि प्रियदर्शनीनं कधी खाली काढली नव्हती.

"ही थांबलीया बगा," तानुबाई म्हणाली.

खोक्यातून काढल्यावर तिनं बाहुलीला पदराखाली घेतलं आणि विचारलं, "तुमी हिच्या कोन?"

"मोठी बहीण म्हणा की!" प्रियदर्शनी हसली.

"मग भन म्हनून देता का? तोंडानं सांगा."

"दिली बाई, दिली."

ती हे बोलली आणि सगळ्या बायकांनी एकदम पदर डोळ्यांना लावला. प्रियदर्शनीला कसंनुसं झालं. काहीतरी करायचं म्हणून तिनं भातुकलीचा एक स्टीलचा संच उचलून त्यांच्या हातात ठेवला. रुखवत, ती म्हणाली.

"ह्ये भाऊ न्हवं?" तानुबाईनं उदयसिंहाकडं बोट केलं. "मग सनासुदीला मुराळी तुमीच यायचं, भनीला न्यायला."

"येतो की! गाडी घेऊन येतो," उदयसिंह म्हणाला. पिकअप वळणाआड गेल्यावर बहीणभाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

श्रावणात, पंचमीच्या आधी, उदयसिंहाला भाऊसोचा फोन आला. मुराळी कधी येणार? त्यानं चेष्टा म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी वाडीची माणसं स्वतःच बाहुली घेऊन दुकानात आली. तानुबाईचा चेहरा उतरलेला होता.

"पंचमीला भाऊ न्यायला आला न्हाई. वाटंकडं बगत हुती," ती म्हणाली आणि बाहुली काउंटरवर बसवली. "पाच-सा दीस ऱ्हाऊ द्या. दमलीया."

माणसं गेल्यावर प्रियदर्शनीनं बाहुली हातात घेतली. हिरव्या खणाची चोळी, गळ्यात काळे मणी, हातात हिरवा चुडा. अंगाला चुलीच्या धुराचा आणि मेंढरांच्या लोकरीचा वास. पोरींनी खूप खेळवलेली असणार. तिनं सवयीनं कुशीवरून अंगठा फिरवला. जोड होता. मग तिचं लक्ष पायांकडं गेलं. गुलाबी प्लॅस्टिकच्या टाचांना बारीक भेगा पडल्या होत्या आणि भेगांत माळावरची तांबडी माती बसली होती. प्लॅस्टिक उन्हानं तडकतं, तिनं मनाशी म्हटलं.

भांगाचं मात्र तिला असं काही कारण देता येईना. केस सोनेरीच होते, पण मुळाशी बोटभर काळे होते. तिनं स्पिरिटचा बोळा घेऊन घासलं. काळं निघालं नाही. एक केस उपटून तिनं आगपेटीच्या काडीवर धरला. टोकाकडचा सोनेरी भाग वितळून त्याचा मणी झाला. मुळाकडचा काळा भाग चुरचुरत जळला आणि जळलेल्या खऱ्या केसाचा वास दुकानभर पसरला.

ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली. भीती वाटत नव्हती. देवळात गाभाऱ्याचा पडदा बाजूला होताना माणूस जसा आपोआप गप्प होतो, तशी ती गप्प झाली होती.

त्या दिवसांत दुकानात पोरं आली, पण तिथं कुणी लोळण घेतली नाही. काउंटरजवळ आली की पोरं आवाज खाली आणायची. रोज काही ना काही मागणारी, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याची सोनिया कितीतरी वेळ बाहुलीसमोर उभी राहिली. ही केवढ्याला, असं तिनं विचारलं नाही.

"ही कवा आली?" तिनं विचारलं.

"काल."

"तिचं पाय दुखत्यात," सोनिया म्हणाली आणि हळूच निघून गेली.

पंचमी झाल्यावर तानुबाई न्यायला आली, तेव्हा प्रियदर्शनीनं धीर करून विचारलं, "तुमच्या वाडीत असं लग्न याआधी कधी झालं होतं?"

"माज्या आत्तेसासूच्या वक्ताला झालतं येकदा."

"मग ती बाहुली आता कुठं आहे?"

"बाहुली?" तानुबाई नवलानं तिच्याकडं बघत राहिली. प्रश्नच कळला नाही असं तिचं तोंड झालं. "ती म्हातारी हून गेली की."

उदयसिंहाला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं तिला डॉक्टरकडं नेलं असतं. नवरात्रात तो पुन्हा विषय काढून बसला. या वेळी वहिनीही बरोबर होती. दिवाळीला माल भरायचा तर आधीचाच पडून आहे, पोरं मोबाइलवर खेळतात, तू आता किती दिवस ओढणार? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रियदर्शनी दमली होती. संक्रांत झाली की सही करते, असं ती म्हणून गेली आणि रात्रभर तिला दुकानातल्या फळ्या दिसत राहिल्या.

कार्तिकात उंबरओढ्याच्या दोन पिकअप आल्या. या वेळी बायका लग्नाला याव्यात तशा नटून आल्या होत्या. त्यांनी बाहुलीला हिरवी साडी नेसवली होती, केसांत फुलांची वेणी माळली होती. केस आता खांद्यापर्यंत काळे होते.

"सातवा लागला. ओटभरन करून आनलीया," तानुबाई म्हणाली. "पैलं बाळातपन माहेरी."

प्रियदर्शनीनं नेहमीसारखी एका हातानं बाहुली उचलायला घेतली. तिला दुसरा हात लावावा लागला.

भाऊसो आनंदानं सांगत होता. श्रावणापासून वाडीत बोलणी सुरू झाली, दिवाळीनंतर पाठोपाठ मांडव पडले, जतकडच्या पोरी आल्या, एक तर नर्स झालेली आहे. अजून दोन लग्नं ठरलीत. म्हातारा माणूस, पण सांगता सांगता डोळे पुसायची त्यानं लाज धरली नाही. त्याचा थोरला पोरगा कित्येक वर्षं स्थळाची वाट बघत बसलेला होता.

"पण दुकान बंद होणार आहे," प्रियदर्शनीला सांगावंच लागलं. "संक्रांतीनंतर. दादानं गाळा भाड्यानं द्यायचं ठरवलंय."

तानुबाईनं बाहुलीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माहेराला कुलूप लागलं तर ती कुटं जाईल?" ती म्हणाली. मग बाहुलीला मागच्या खोलीत गोधडीवर निजवून ती माणसं निघून गेली.

बाहुलीला आडवं केलं होतं, तरी तिचे डोळे मिटले नव्हते. प्रियदर्शनी शेजारी बसली. थोड्या वेळानं पापण्या खाली यायला लागल्या. सावकाश, अर्ध्यावर थांबून, पुन्हा जरा वर जाऊन, जड झालेल्या पापण्या येतात तशा. तिनं कुशीला अंगठा लावला. जोड जेमतेम हाताला लागत होता, जुन्या टाक्याच्या वणासारखा.

यानंतरचे दोन महिने प्रियदर्शनीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पुढं पोरांना बॅटऱ्या टाकून द्यायच्या, बापांशी घासाघीस करायची, आणि मध्येच मागच्या खोलीत डोकवून यायचं. आत ती कधी गोधडी बदलायची, कधी नुसती उभी राहायची. दुकान तिला एवढं कधीच आवडलं नव्हतं. ते सोडावंसं वाटत नव्हतं, आणि तरी दिलेला शब्द फिरवावा असं तिच्या स्वभावात नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी, भर दुपारी, उदयसिंह कागद घेऊन आला. बरोबर मोबाइलवाल्या दुकानाचा माणूस होता. तो टेप काढून फळ्या मोजायला लागला. या उखडायच्या, इथं काच, तिथं एसी.

प्रियदर्शनीनं पेन हातात घेतलं.

पहिल्यांदा वास आला. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकल्याचा. उदयसिंहानं मान वर केली. त्याच्या लेकरांच्या वेळी त्यांच्या घरात महिनाभर हाच वास होता. दुकानात काडीसुद्धा पेटलेली नव्हती.

"कुठनं येतोय?" त्यानं विचारलं.

मग त्यांना पायरीवरची पोरं दिसली. शाळा चालू होती, तरी ती आली होती. सोनिया पुढं होती. कुणी ढकलाढकली करत नव्हतं, कुणी आत पाऊल टाकत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मागच्या खोलीच्या दारावर लागल्या होत्या.

टेपवाल्याचा हात थांबला.

छताला खुळखुळ्यांची माळ टांगलेली होती. वारा नव्हता. माळेतला एकच खुळखुळा हलला. थांबला. पुन्हा हलला.

प्रियदर्शनीनं पेन ठेवलं आणि ती आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"दादा, आज सही नको," ती म्हणाली. "आपल्याला सोयर लागलंय."

"डोकं फिरलं का तुझं?"

तिचा फोन वाजला. उंबरओढ्याहून तानुबाई होती. "बाय, सुटली का?" तिनं विचारलं.

"सुटली," प्रियदर्शनी म्हणाली.

मोबाइलवाला माणूस कधी निघून गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. उदयसिंह ताडताड आत गेला. दार उघडंच होतं. प्रियदर्शनीला उंबऱ्यातून त्याची पाठ दिसत होती. रुंद, ट्रॉल्या भरणारी पाठ. ती हळूहळू वाकली.

गोधडीवर बाहुली निजलेली होती, डोळे मिटून. तिच्या कुशीत बोटभर लांबीचं काहीतरी होतं. असलं खेळणं दुकानात नव्हतं. प्रियदर्शनीला तिथला नग न् नग पाठ होता.

उदयसिंहानं ते तळहातावर घेतलं. त्याचा अंगठा बापानं शिकवल्याप्रमाणं एका कुशीवरून फिरला. मग दुसऱ्या कुशीवरून. मग पुन्हा पहिल्या.

"पिये," तो म्हणाला. "जोड न्हाई गं."

ती उंबरा ओलांडून आत आली.

तो तसाच उभा राहिला, तळहात छातीशी धरून. बाहेर पोरं पायरीवरून उतरून आपापल्या वाटेनं निघाली होती. बऱ्याच वेळानं त्यानं बहिणीकडं पाहिलं.

"पंचमीला मी गेलो न्हाई," तो म्हणाला. मग घसा खाकरून त्यानं विचारलं, "बारशाला मामानं काय आणायचं असतंय?"

"पाळणा," प्रियदर्शनी म्हणाली.

तिनं पुढं होऊन त्याच्या हातातलं ते उजेडाकडं वळवलं. साच्यातल्या बाहुल्यांचं पोट गुळगुळीत असतं. याच्या पोटावर बेंबी होती. नाळ मघाशी तिनंच पतंगाच्या दोऱ्यानं बांधली होती, दुकानातल्याच रिळातल्या, आणि दोरा अजून ओला होता.